नाताळच्या गावातला शनिवार



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्या गुरुजींची एक आठवण आधी सांगते. तंजावरी मराठी घरातले गुरुजी चेन्नईत मराठी मुलांसाठी बाराखडीचा वर्ग चालवत. नोकरीतल्या बदलीमुळे मी या शहरात आले, त्याच वर्षी त्यांनी मला शिकवायला बोलावलं. वर्ग शनिवारी दुपारी भरत असे. मी संकोचत म्हटलं, "गुरुजी, शनिवारी मला येता येणार नाही. शनिवार आमचा शब्बाथ." गुरुजींनी वही उघडली, पेन्सिलीनं काहीतरी खोडलं आणि म्हणाले, "मग रविवारी भरवू. अहमदनगरकडची दोन मुलं सकाळी चर्चला जातात, तेव्हा दुपारी चारला."

पुढे वर्ग वर्षानुवर्षं रविवारी चारलाच भरत राहिला. शब्बाथ म्हणजे काय, हे गुरुजींनी पुढे कधीतरी निवांतपणे विचारलं. आधी त्यांनी वेळ बदलली, कारण मागून विचारलं. आज मी जे सांगणार आहे ते सगळं त्या पेन्सिलीच्या एका रेघेत आलेलं आहे. मी फक्त ती रेघ उलगडून दाखवणार आहे.

विषय असा, की आजूबाजूला सगळीकडे नाताळ साजरा होत असताना ज्यू माणसानं कसं राहायचं? हा प्रश्न आपल्याकडे बहुधा अमेरिकेतून येतो, पुस्तकांतून आणि चित्रपटांतून येतो. पण तो आपल्या भाषेतही आहे आणि या शहरातही आहे. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातली. माझं मूळ गाव अलिबाग तालुक्यात, जन्म भायखळ्याचा, आणि आयुष्याचा मोठा भाग चेन्नईत गेला. मराठी ही माझी आईची भाषा आहे, आजीची प्रार्थनेची भाषाही बरीचशी तीच होती.

2024 सालच्या 25 डिसेंबरची संध्याकाळ सांगते. त्या दिवशी नाताळ होता आणि त्याच संध्याकाळी आमच्या हनुकाचा, आठ दिवसांच्या दिव्यांच्या सणाचा, पहिला दिवा होता. मार्गळी महिना सुरू होऊन दहाएक दिवस झाले होते, म्हणजे पहाटे दारोदारी कोलम आणि संध्याकाळी सभांमधून कर्नाटक संगीत. बेसंट नगरच्या वेलांकण्णी चर्चकडे जाणारा रस्ता माणसांनी भरला होता. आमच्या इमारतीत जवळजवळ प्रत्येक गॅलरीत कागदी तारा लागला होता, हिंदूंच्या घरीसुद्धा. आमच्या गॅलरीत नव्हता. खालच्या मजल्यावरची मुलं वर आली. "आंटी, तुमच्याकडे स्टार का नाही?" मी त्यांना आत बोलावलं. पेल्यात पाणी, पाण्यावर खोबरेल, त्यात वात. आजी लावायची तसा दिवा लावला आणि सांगितलं, "आमचा आज हा आहे. उद्या दोन होतील, परवा तीन." मुलं आठही दिवस दिवे मोजायला येत राहिली. तारा का नाही, हे पुन्हा कुणी विचारलं नाही.

हनुका आणि नाताळ असे एका दिवशी नेहमी येत नाहीत. याआधी 2005 साली 25 डिसेंबरच्याच संध्याकाळी पहिला दिवा लागला होता. मध्ये एकोणीस वर्षं गेली. आमचं पंचांग चंद्रावर चालतं आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून एकोणीस वर्षांत सात वेळा अधिक महिना धरतं. अधिक मास ही कल्पना मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. न्यू यॉर्कच्या ज्यूला आपलं पंचांग शेजाऱ्याला समजावताना जो खटाटोप करावा लागत असेल, तो मला अलिबागेत किंवा मैलापुरात करावा लागला नाही.

आता मागे जाऊ. आमची परंपरा सांगते, की फार प्राचीन काळी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बुडालेल्यांना तिथेच पुरलं, आणि वाचले ते कोकणात वसले. पोथ्या समुद्रात गेल्या, हिब्रू हळूहळू विसरली. उरलं काय? 'शेमा' ही प्रार्थना, आठव्या दिवशी मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि शनिवारचा विसावा, म्हणजे शब्बाथ. आमच्या लोकांनी तेलाचा घाणा धरला. शनिवारी घाणा बंद. म्हणून कोकणानं आम्हाला नाव दिलं 'शनिवार तेली'.

हे नाव मी लहानपणी ऐकलं तेव्हा मला त्याची लाज वाटली होती. आज ते मला आमच्या समाजाला मिळालेलं सर्वांत मोठं मानपत्र वाटतं. पाहा, माणसाला नाव बहुधा तो जे करतो त्यावरून मिळतं. तेली, सुतार, कासार. आमच्या नावात आम्ही जे करत नाही ते आहे. गावानं आम्हाला आमच्या नकारावरून ओळखलं. त्या नावात तक्रार नव्हती. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली, शनिवारी ठेवणारे ते शनिवार तेली, एवढा साधा हिशेब होता. शनिवारी तेल मिळणार नाही हे गिऱ्हाईक शुक्रवारी लक्षात ठेवी. शेजाऱ्याचा नकार आपल्या आठवड्यात बसवून घेणं, याला मी शेजारधर्म म्हणते.

आमचे सण ओळखायचे तर त्यांची जुनी मराठी नावं ऐका. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण. योम किप्पूर म्हणजे दारफाळणीचा सण, कारण त्या दिवशी दार लावून घरात बसायचं. पुरीम म्हणजे आमची होळी. सुक्कोथ म्हणजे खिरीचा सण. नवसफेडीला आणि शुभकार्याला प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या नावानं मलिदा, म्हणजे पोहे, गूळ, खोबरं आणि फळं. आडनावं दिवेकर, केहिमकर, राजपूरकर, चेऊलकर, पेणकर. आम्ही गावाचं नाव घेतलं, गावाची भाषा घेतली, नऊवारी घेतली. शनिवार मात्र आपलाच ठेवला.

आता माझ्या या दुसऱ्या गावाकडे येते. मद्रासला ज्यूंचा इतिहास आहे, आणि तो या शहराच्या पायाच्या दगडांत आहे. जॉर्ज टाउनमध्ये कोरल मर्चंट स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तमिळमध्ये तो पवळक्कार तेरू. पवळम् म्हणजे आपलं पोवळं. सतराव्या शतकात पोर्तुगीज वंशाचे ज्यू व्यापारी इथं आले. भूमध्य समुद्रातलं पोवळं लंडनमार्गे मद्रासला यायचं आणि गोवळकोंड्याच्या खाणीतले हिरे इथून तिकडे जायचे. या व्यापाराच्या गाठी ज्यू घराण्यांच्या हातात होत्या. 1688 साली मद्रासची महापालिका स्थापन झाली तेव्हा तिच्या आल्डरमनांमध्ये ज्यू व्यापाऱ्यांना जागा होत्या. त्या पिढीतल्या काहींच्या कबरींचे हिब्रू लेख असलेले दगड पुढे लॉइड्स रोडवरच्या छोट्या ज्यू दफनभूमीत आले. तो रस्ता आज अव्वै षण्मुगम सालै या नावानं ओळखला जातो.

हे व्यापारी इथं उघडपणे ज्यू म्हणून राहू शकले, ही साधी गोष्ट नव्हती. त्यांचे पूर्वज पोर्तुगालमध्ये बळजबरीनं ख्रिस्ती केले गेले होते. पूर्वेकडच्या पोर्तुगीज मुलखावर 1560 पासून गोव्याच्या इन्क्विझिशनची, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाची, सत्ता चाले. मधली काही वर्षं सोडली तर ती 1812 पर्यंत टिकली. गार्सिया द ओर्ताचं नाव तुमच्यापैकी वैद्यकाच्या अभ्यासकांना माहीत असेल. मुंबई बेटाचा हा एकेकाळचा पट्टेदार. 1563 साली त्यानं गोव्यात हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ छापला. तो मनानं ज्यूच होता आणि वरवर ख्रिस्ती म्हणून जगला. 1568 साली तो गेला. पुढच्या वर्षी त्याच्या बहिणीला, कातरिनाला, जिवंत जाळलं. 1580 साली त्याचीही हाडं उकरून जाळली. त्या घरात नाताळ साजरा होत असेल तो कसा होत असेल? केक, मेणबत्त्या, प्रार्थना, सगळं नीट. कारण एखादी मेणबत्ती लावायची राहिली, तर शेजारी जाऊन सांगेल. आपण मराठीत 'नाताळ' म्हणतो. हा शब्द पोर्तुगीजांकडूनच आपल्याकडे आला. तो उच्चारताना मला गोव्याच्या आमच्या ख्रिस्ती शेजारणीचं हसू आठवतं आणि कातरिनाही आठवते. दोन्ही आठवणी खऱ्या आहेत. मी एकीसाठी दुसरी पुसणार नाही.

युरोपातल्या ज्यूंसाठी नाताळची रात्र शतकानुशतकं भीतीची होती. पूर्व युरोपात तिला 'निटल' म्हणत. त्या रात्री अनेक घरांत धर्मग्रंथाचं अध्ययन बंद ठेवत, बाहेर पडत नसत, दार लावून पत्ते खेळत बसत. पुढे एकोणिसाव्या शतकात जर्मनी-ऑस्ट्रियातल्या सुशिक्षित ज्यूंना वाटलं, की आपणही झाड सजवलं तर आपण इथलेच होऊ. 1895 च्या डिसेंबरात थिओडोर हर्झल यांच्या व्हिएन्नातल्या घरी नाताळचं झाड होतं. तेव्हा आलेले तिथले मुख्य रब्बी ते पाहून चकित झाले. याच हर्झलनी पुढच्याच वर्षी ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राची मागणी करणारी पुस्तिका काढली. बर्लिनमध्ये वाढलेले ज्यू गूढवादाचे थोर अभ्यासक गेर्शोम शोलेम यांनी लिहून ठेवलं आहे, की 1911 साली त्यांच्या आईनं त्यांना हर्झलची तसबीर भेट दिली, आणि ती ठेवली होती नाताळच्या झाडाखाली. ती आई वाईट नव्हती. मुलाची आवड तिनं ओळखली होती. पण ती भेट द्यायला तिच्याकडे आपली म्हणावी अशी दुसरी जागाच उरली नव्हती. याचं मला फार वाईट वाटतं. भीतीनं दार लावून बसावं लागणं हे एक दुःख. आणि मान्य व्हावं म्हणून शेजाऱ्याचाच सण आपल्या दिवाणखान्यात मांडावा लागणं हे दुसरं. दोन्हीकडे माणसाला 'नाही' म्हणायला जागा नव्हती.

आमची परीक्षा वेगळ्या वाटेनं आली. ती शाळेच्या दारातून आली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन मिशनरी मुंबईत आले, त्यांनी मराठी शाळा काढल्या, आणि त्यांत आमची मुलं गेली, शिक्षकही झाली. 1826 साली मायकेल सार्जन आले. कोचीनच्या ज्यू घराण्यात जन्मलेले पण ख्रिस्ती झालेले सार्जन. ज्यूंमध्ये ख्रिस्ती धर्माचा प्रसार करण्यासाठी लंडनमध्ये निघालेल्या संस्थेची एक समिती मद्रासला होती. तिनं त्यांना आमच्याकडे पाठवलं. म्हणजे आमच्या कोकणातल्या शिक्षणाचा एक धागा या शहरातून निघाला आहे! सार्जननी आमच्या मुलांसाठी शाळा काढल्या. त्यांनी हिब्रू शिकवलं, प्रार्थना शिकवल्या आणि धर्मांतराचा हट्ट धरला नाही. 1829 साली मिशनरी डॉ. जॉन विल्सन मुंबईत आले. मराठी जाणणाऱ्यांना हिब्रू शिकता यावं म्हणून त्यांनी 1832 साली हिब्रूचं व्याकरण तयार केलं. समुद्रात गेलेली अक्षरं आम्हाला अशी परत मिळाली. ती देणाऱ्यांना मनोमन वाटत होतं, की आम्ही एक दिवस बाप्तिस्मा घेऊ.

आम्ही काय केलं? अक्षरं घेतली, मनापासून घेतली. बाप्तिस्मा घेतला तो फार थोड्यांनी. ती अक्षरं घेऊन आमचे लोक आपल्या मशिदीत गेले. हो, सिनेगॉगला आमचे जुने लोक मशीदच म्हणत. मुंबईतली पहिली मशीद 1796 साली सामुएल दिवेकरांनी बांधली, आणि मशीद बंदर स्टेशनचं नाव तिच्यावरून पडलं असं आम्ही मानतो. त्या मशिदींतून मग मराठी भाषांतरं निघाली. जोसेफ यहेज्केल राजपूरकरांनी प्रार्थना मराठीत आणल्या. 1874 साली पुण्यात वल्हांडणाची हगादा ही पोथी छापली गेली, डावीउजवीकडे हिब्रू आणि मराठी, आणि चित्रांत साडी नेसलेल्या बायका बिनखमिराची भाकरी भाजताहेत. मिसरमधून सुटकेची कथा, आणि स्वयंपाकघर आमचं. कीर्तनकार उभे राहिले आणि अब्राहम-मोशेची आख्यानं चिपळ्यांवर रंगू लागली. 1875 साली हाईम सामुएल केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत इस्रायली मुलांसाठी स्वतःची शाळा काढली, तीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली. आणि याच केहिमकरांनी आमच्या समाजाचा इतिहास लिहिला तेव्हा मिशनरी शिक्षकांचे उपकार मोकळ्या मनानं नोंदवले. धर्म नाकारला, ऋण नाकारलं नाही. इतकं स्वच्छ वागणं फार थोड्या समाजांना जमलं असेल.

तंजावरकरांनो, याला तुमच्या घरातला दाखला आहे. तंजावरचे सरफोजी राजे लहान असताना त्यांचा जीव धोक्यात होता. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ त्यांचे पालक बनले. 1793 साली राजपुत्राला मद्रासला आणलं आणि इथं दुसऱ्या एका मिशनऱ्याच्या हाताखाली त्यांचं शिक्षण झालं. इंग्रजी, विज्ञान, वैद्यक, सगळं ते शिकले. 1798 साली श्वार्ट्झ वारले. सरफोजींनी इंग्लंडमधल्या जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून घेतलं. त्यात मरणशय्येवरच्या गुरूजवळ राजा उभा आहे. ते स्मारक आजही तंजावरच्या चर्चमध्ये आहे. आणि त्याच राजानं बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. मिशनऱ्याच्या मायेत वाढलेला हा राजा शिवभक्तच राहिला, आणि गुरूवरच्या प्रेमात तसूभरही उणा पडला नाही. आपण ज्या गुरुजींच्या नावानं जमलो आहोत ते त्याच मातीतले. शनिवारचा रविवार करणारी पेन्सिल त्यांच्या हातात अशीच आलेली नाही.

आता माझ्या घरचं सांगते. भायखळ्याला आमच्या मजल्यावर गोव्याचं एक ख्रिस्ती कुटुंब होतं. नाताळात त्या बाई कुसवाराचं ताट पाठवत. नेवऱ्या, कुलकुलं, दोदोल. आमचं ताट त्या वेगळं काढून ठेवत. डुकराची चरबी लागलेलं काही त्यात कधी आलं नाही. कुलकुलं तळायला आधी आमचं तेल, मग बाकीचं. माझ्या आईनं हे त्यांना कधी सांगितलं होतं, मला माहीत नाही. बहुधा एकदाच सांगितलं असेल. नव्याच्या सणाला आई चिकाचा हलवा करी, गव्हाचा चीक काढून, नारळाच्या दुधात. पहिली वडी त्यांच्याकडे जाई. आमच्याकडे मटण शिजलं असेल तर दुधाचं काही पुढचे काही तास चालत नाही, म्हणून त्या बाई ताट देताना विचारत, "आज मटण झालं काय गो?" हा प्रश्न मला आजही कानात ऐकू येतो. दुसऱ्याचा नियम इतक्या सहजपणे आपल्या बोलण्यात आणणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून मी आशेनं बोलते.

सगळंच गोड होतं असं मी म्हणणार नाही. शाळेत एकदा एका बाईंनी वर्गासमोर मला उभं करून विचारलं, की तुमच्या लोकांनी आमच्या प्रभूला का मारलं. मी नऊ वर्षांची होते. मला उत्तर येत नव्हतं, आणि चूक माझी असावी असं वाटून मी रडले. नंतर निस्सीम इझिकेल यांची 'बॅकग्राउंड, कॅज्युअली' ही कविता वाचली. मुंबईत ख्रिस्ती मुलांबरोबर शिकताना हाच आरोप त्यांच्यावर झाला होता, हे वाचलं आणि मनातली एक जुनी गाठ सुटली. 28 ऑक्टोबर 1965 या दिवशी कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं जाहीर केलं, की येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सगळ्या ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर टाकता येणार नाही. एवढ्या मोठ्या संस्थेनं आपली चूक दुरुस्त करणं ही माझ्या लेखी फार मोठी गोष्ट आहे. ती वर्गखोल्यांपर्यंत पोहोचवणं हे शिक्षकांचं काम आहे. भारतात ज्यूंचा छळ झाला नाही असं आपण अभिमानानं म्हणतो. इथल्या शेजाऱ्यांबद्दल ते खरं आहे. पण गोव्याची इन्क्विझिशन याच भूमीवर झाली, आणि 26 नोव्हेंबर 2008 ला मुंबईच्या नरिमन हाउसवर सीमेपलीकडून आलेल्या दहशतवाद्यांनी हल्ला केला तो तिथं ज्यू राहत होते म्हणूनच. अभिमान असावा, आणि त्याबरोबर जागही असावी.

हनुकाबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. अमेरिकेत हनुका नाताळच्या शेजारी राहून मोठा झाला. मुलांना उणं वाटू नये म्हणून भेटी आल्या, सजावट आली. मी त्या आईबापांना दोष देत नाही. पण आमच्या कोकणातल्या पूर्वजांना हनुका माहीतच नव्हता! जेरुसलेमचं मंदिर परत मिळवून तिथं दिवे लावले गेले ती घटना इसवी सनापूर्वी 164 सालची. केहिमकरांसारख्या अभ्यासकांनी यावरूनच असा तर्क केला, की आमचे पूर्वज त्याआधीच निघाले असावेत. हनुका आम्ही पुढे कोचीन-बगदादच्या बांधवांकडून आणि ग्रंथांतून शिकलो. म्हणजे आमच्याजवळ नाताळला उत्तर म्हणून उभा करायला एकही सण नव्हता, आणि शेकडो वर्षं आम्हाला उत्तराची गरजही पडली नाही. सणाला सणानं उत्तर द्यायचं नसतं. शेजाऱ्याचा सण हा प्रश्न नसतोच.

या शहरात राहून माझ्या आणखी काही गोष्टी लक्षात आल्या. सांथोमच्या चर्चमध्ये ज्याची समाधी मानतात तो येशूचा शिष्य थॉमस गालीलचा ज्यू होता. परंपरा सांगते, की तो इसवी सन 52 मध्ये केरळच्या किनाऱ्याला लागला आणि वीस वर्षांनी इथल्या टेकडीवर मारला गेला. तो आला तेव्हा शनिवार पाळत असेल, आणि त्याला खाण्याचे नियम असतील. दुसरी गोष्ट, येशूची सुंता आठव्या दिवशी झाली असं लूकच्या शुभवर्तमानात आहे. 25 डिसेंबरपासून आठवा दिवस मोजा. 1 जानेवारी येतो. चर्चच्या जुन्या पंचांगात 1 जानेवारी हा सुंतेचाच सण होता. कोकणात हिब्रू विसरलेल्या, पोथ्या हरवलेल्या माझ्या पूर्वजांनी जो आठवा दिवस कधी चुकवला नाही, तोच हा. आणि तिसरी गोष्ट, मार्गळीत समोरच्या दारात शेजारीण मुरुगनचं षट्कोणी कोलम काढते, आणि माझ्या देव्हाऱ्याच्या जागी असलेल्या कोनाड्यात दावीदाचा तोच षट्कोण आहे. या गोष्टी मी कुणाला आपल्यात ओढण्यासाठी सांगत नाही. 'म्हणजे सगळे धर्म एकच' असं म्हणून मोकळं व्हायलाही मी तयार नाही. सगळे एकच असते तर शेजाऱ्याला जाणून घ्यायचे कष्ट कुणी कशाला घेतले असते? चिन्ह एक आहे, अर्थ निराळे आहेत, आणि जिना आमचा सामायिक आहे.

आज आमचा समाज आटला आहे. बहुतेक घरं इस्रायलला गेली. तिथं दिमोना, अश्दोद, लोद अशा गावांत मराठी बोलली जाते, 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघालं. भारतात आता काही हजार उरलो आहोत, त्यातले बरेच मुंबई, ठाणे आणि रायगडात. 2016 साली महाराष्ट्र शासनानं आम्हाला अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. चेन्नईत माझ्या घरी सामुदायिक प्रार्थनेसाठी लागणारे दहा जण एकदाही जमले नाहीत. तरी मी इथं परकी झाले नाही, याचं श्रेय माझ्या धीराला फारसं नाही. गुरुजींसारख्या माणसांना आहे.

म्हणून शेवटी निकाल सांगते आणि विनंती करते. एखाद्या गावात किती सण एकत्र साजरे होतात यावरून त्या गावाचं मोठेपण मी मोजत नाही. एखाद्या माणसाला त्या गावात 'हा माझा नाही' असं शांतपणे म्हणता येतं का, आणि तसं म्हटल्यावरही त्याच्या घरी ताट येतं का, यावरून मोजते. शनिवार तेल्यांना कोकणानं ते दिलं. युरोपनं ते शतकानुशतकं दिलं नाही, आणि त्याची किंमत जगानं पाहिली.

तुमच्या इमारतीत, कचेरीत, वर्गात कुणीतरी असेल जो एखादा सण करत नाही, एखादा पदार्थ खात नाही, एखाद्या दिवशी येत नाही. त्याला कारण विचारण्याआधी वेळ बदला. ताट पाठवाल तेव्हा त्याला चालेल तेच पाठवा. आणि लॉइड्स रोडवरून जाल तेव्हा त्या छोट्या दफनभूमीपाशी दोन मिनिटं थांबा. या शहराला पोवळं आणि हिरे जोडून देणाऱ्या माणसांचे दगड तिथं आहेत, आणि त्यांवरची अक्षरं वाचायला आता त्यांच्या घरचं कुणी येत नाही. आपण शेजारी आहोत. आपण जाऊ या.